रिव्हर्स इंजिनिअरिंग शिकायचंय? सांगली-मिरजेतल्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

हे पान सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, पलूस या भागातल्या अशा विद्यार्थ्यांसाठी आहे, ज्यांना थोडंफार सी येतं आणि ज्यांनी आजवर एकही बायनरी (कंपाइल झालेली तयार फाईल) उघडून पाहिलेली नाही. आज्ञा आणि सूचनांची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची. जिथं कॅपिटल अक्षर लागतं तिथं तसं लिहिलं आहे.

रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणजे नेमकं काय?

मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी येते. पोती किती, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली आणि हातात किती पडले, हे सगळं तिच्यावर असतं. समजा हमालीचा दर पट्टीवर छापलेलाच नाही. तरी वेगवेगळ्या पोत्यांच्या तीन-चार पट्ट्या शेजारी ठेवल्या की पोत्यामागं किती कापलं ते काढता येतं, आणि पाचव्या पट्टीवर तो अंदाज तपासताही येतो.

सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. सोर्स कोड हातात नसतो, फक्त तयार फाईल असते. ती आत काय करते याचा अंदाज बांधायचा आणि तो तपासायचा. तपासणं यातलं निम्मं काम आहे. नवखे विद्यार्थी अंदाज बांधतात आणि तिथंच थांबतात, म्हणून अडकतात.

हे कायदेशीर आहे का?

स्वतः लिहिलेला प्रोग्राम, सरावासाठीच बनवलेली कोडी आणि मुक्त परवान्याचं सॉफ्टवेअर यांवर बिनधास्त काम करा. सुरुवातीचं वर्षभर एवढं पुरतं.

दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरबद्दल भारताच्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) कलम ५२(१) मध्ये काही सूट आहे. ज्याच्याकडे प्रोग्रामची रीतसर प्रत आहे, तो खंड एबीनुसार दुसऱ्या स्वतंत्र प्रोग्रामशी सांगड घालण्यापुरती आवश्यक माहिती काढू शकतो, पण ती माहिती इतर मार्गानं सहज मिळत नसेल तरच. खंड एसीमध्ये प्रोग्राम कसा चालतो याचं निरीक्षण आणि अभ्यास येतो. मात्र २०१२ साली आलेल्या कलम ६५ए नुसार हक्कभंग करण्याच्या हेतूनं संरक्षण तोडणं हा गुन्हा आहे. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरलात तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची कलमं ४३ आणि ६६ लागतात.

लायसन्स की फोडून मित्रांना वाटणं हे शिक्षण नव्हे. त्यासाठी मदत मागणाऱ्यांना इथं मदत मिळणार नाही.

आधी काय काय यायला हवं?

सी भाषा. त्यातही पॉइंटर, अॅरे, स्ट्रक्चर, आणि फंक्शनला आर्ग्युमेंट कशी जातात ते. शंभर ओळींचा प्रोग्राम बघून-बघून न लिहिता स्वतः लिहिता आला पाहिजे. सोळाच्या पायाचे आकडे डोळ्यांना सवयीचे व्हायला हवेत. ६४ बघितल्यावर 'हे शंभर असू शकतं' असं सुचायला हवं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये फाईल हलवणं, चालवण्याची परवानगी देणं इतपत यावं.

असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचनांची भाषा) आधी शिकून मग यायचं, असं करू नका. ती काम करता करताच येते. पायथन नंतर लागेल.

इंग्रजीची धास्ती बाळगू नका. सूचनांची नावं मिळून चाळीसेक शब्द आहेत, आणि घिड्रा या टूलचे मेनू आठवड्यात अंगवळणी पडतात.

कसला लॅपटॉप लागतो?

८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर सगळं होतं. ४ जीबीवरही शिकता येतं, फक्त व्हर्च्युअल मशीन (संगणकात चालणारा दुसरा आभासी संगणक) सोडून द्या आणि उबुंटू थेट बसवा. जुनी हार्ड डिस्क असेल तर नव्या लॅपटॉपचा विचार करण्याआधी एसएसडी टाकून बघा. ग्राफिक्स कार्ड कामाला येत नाही.

एआरएम प्रोसेसरच्या मॅकवर इथली उदाहरणं तशीच दिसणार नाहीत, कारण तिथला कंपायलर एआरएमच्या सूचना बनवतो. कॉलेजच्या लॅबमधला साधा इंटेल किंवा एएमडीचा संगणक यासाठी जास्त सोयीचा.

टूल्स कोणती घ्यायची? सगळी विकतच असतात ना?

नाही. घिड्रा ही अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं, म्हणजे एनएसएनं, मार्च २०१९ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ती फुकट आहे, सोर्स कोडही खुला आहे, आणि डीकंपायलर (तयार फाईलवरून सीसारखा कोड बांधून दाखवणारा भाग) आतच येतो. ती जावावर चालते. अलीकडच्या आवृत्त्यांना जेडीके २१ लागतं, नुसता जावा रनटाइम असला तर ती सुरूच होत नाही. 'घिड्रा उघडत नाही' या तक्रारीत बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

लिनक्सवर जीडीबी (प्रोग्राम थांबवत-थांबवत आत बघायचा डीबगर), ऑब्जडंप (असेंब्ली दाखवणारं), स्ट्रिंग्ज (फाईलमधला मजकूर काढणारं), फाईल (फाईलचा प्रकार सांगणारं), रीडएल्फ (फाईलची रचना दाखवणारं), एसट्रेस (प्रोग्राम लिनक्सकडे काय मागतो ते दाखवणारं) एवढं घ्या. विंडोजवर एक्स६४डीबीजी हा डीबगर. घिड्रासारखंच दुसरं टूल आयडा फ्री, तेही चांगलं आहे, पण दोन्ही एकदम शिकायला घेऊ नका. टूल बदलल्यानं अडलेलं काम सुटत नाही, फक्त अडल्याची जाणीव पुढं ढकलली जाते.

सुरुवात नेमकी कुठून करू? पहिल्या दिवशी काय करायचं?

स्वतःचाच प्रोग्राम लिहून तोच उघडायचा. उत्तर आधी माहीत असतं, त्यामुळे चूक कुठं झाली ते लगेच कळतं. दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये ही सोय नाही.

पट्टी.सी नावाची पंचवीसेक ओळींची फाईल लिहा. आधी गावाचं नाव विचारा, ६४ बाइटच्या अॅरेत घ्या आणि एसटीआरसीएमपीनं 'सांगली'शी ताडून बघा. जुळलं नाही तर 'चुकीचं गाव' छापून बाहेर पडा. जुळलं तर पोती, किलो आणि क्विंटलचा भाव हे तीन पूर्णांक घ्या. रक्कम म्हणजे किलो गुणिले भाव भागिले १००. हमाली पोत्यामागं ११ रुपये धरा. हा आकडा सरावापुरता आहे. रकमेतून हमाली वजा करून छापा. २५ पोती, १,२५० किलो आणि १४,५०० भाव दिलात तर १,८१,२५० मधून २७५ जाऊन १,८०,९७५ यायला हवेत.

कंपाइल करताना जीसीसीला नावाखेरीज तीन पर्याय द्या: ऑप्टिमायझेशन शून्य (डॅश, कॅपिटल ओ, शून्य), नो-पाय, आणि एफ-नो-स्टॅक-प्रोटेक्टर. हे तिन्ही कशासाठी ते पुढच्या प्रश्नांत येईल. आत्ता द्याच, नाहीतर पहिल्याच दिवशी अशा गोष्टी दिसतील ज्या तुम्ही लिहिलेल्याच नाहीत.

मग या क्रमानं जा. फाईल ही आज्ञा चालवा. ती ६४-बिट ईएलएफ (लिनक्सच्या प्रोग्राम-फाईलचा प्रकार) आहे असं सांगेल, आणि शेवटी 'नॉट स्ट्रिप्ड' दिसेल, म्हणजे फंक्शनची नावं अजून आत आहेत. फाईलचे पहिले चार बाइट ७एफ ४५ ४सी ४६ असतात. यातले शेवटचे तीन म्हणजे ई, एल, एफ ही अक्षरंच. विंडोजच्या ईएक्सईची सुरुवात ४डी ५ए अशी होते. त्यानंतर स्ट्रिंग्ज, मग ऑब्जडंप (डॅश डी, आणि इंटेल पद्धतीसाठी डॅश कॅपिटल एम इंटेल). त्यात मेन शोधा आणि प्रिंट काढा. हो, कागदावर. पेन घेऊन कुठली सूचना तुमच्या कुठल्या सी ओळीची आहे ते कंसानं जोडत जा. यात दोन-तीन तास जातात आणि पुढचे दोन-तीन महिने वाचतात.

कागद संपला की घिड्रा उघडा. नवा प्रोजेक्ट, फाईल इंपोर्ट, विश्लेषण करू का विचारलं की हो. डावीकडे फंक्शनच्या यादीत मेन सापडेल. उजवीकडे डीकंपायलरच्या खिडकीत तुमचाच प्रोग्राम ओळखीच्या वेशात दिसेल, फक्त 'किलो'च्या जागी लोकल_५सी असलं काहीतरी नाव असेल. व्हेरिएबलवर एल दाबून नाव बदला, कंट्रोल-एलनं प्रकार बदला, अर्धविरामाच्या बटणानं टीप लिहा, जीनं पत्त्यावर जा. सगळी नावं परत लावेपर्यंत उठू नका.

माझ्या प्रोग्राममध्ये १०० नं भागलं आहे, पण असेंब्लीत १०० कुठंच नाही. भागाकारही नाही. फाईल चुकीची उघडली का?

फाईल बरोबर आहे. भागाकाराची सूचना प्रोसेसरला महाग पडते, म्हणून कंपायलर ती टाळतो. ऑप्टिमायझेशन शून्य असलं तरी टाळतो. त्याऐवजी तुम्हाला ५१ईबी८५१एफ या आकड्यानं गुणाकार आणि मग उजवीकडे शिफ्ट दिसेल: आधी ३२ घरं, मग ५, एकूण ३७.

हिशेब करून बघा. २ चा ३७ वा घात १३,७४३,८९,५३,४७२ येतो. त्याला १०० नं भागलं तर १३७,४३,८९,५३४.७२. वरच्या पूर्णांकात नेलं की १३७,४३,८९,५३५, आणि सोळाच्या पायात तोच ५१ईबी८५१एफ. म्हणजे या आकड्यानं गुणून ३७ घरं सरकवणं हाच १०० नं भागाकार. शेवटी चिन्ह सांभाळायला एक वजाबाकी असते, ती ऋण संख्यांसाठी.

बिनचिन्ही पूर्णांकाला १० नं भागताना सीसीसीसीसीसीसीडी आणि ३५ घरांची शिफ्ट दिसते. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा, सारखे भेटतात. आकडा अनोळखी असेल तर २ चा शिफ्टइतका घात त्या आकड्यानं भागा. उत्तर जवळजवळ पूर्ण संख्या आलं की तोच भाजक.

हमालीच्या ११ चंही तसंच होऊ शकतं. गुणाकाराऐवजी दोन घरं डावी शिफ्ट म्हणजे ४ पट, मूळ संख्या मिळवून ५, दुप्पट करून १०, पुन्हा मूळ मिळवून ११ अशी साखळी दिसते. हातानं पाढा म्हटल्यासारखी ती एकेक पायरी लिहून काढा.

असेंब्ली किती शिकावी लागते?

सुरुवातीला पंधरा-सोळा सूचना: मूव्ह, लीया, पुश, पॉप, अॅड, सब, आयमुल, झॉर, अँड, दोन्हीकडच्या शिफ्ट, सीएमपी, टेस्ट, जंप, कॉल, रेट. लीयाच्या चौकटी कंसाला फसू नका. ती मेमरी वाचत नाही, फक्त पत्त्याचं गणित करते. कंपायलर तिचा उपयोग साध्या बेरजेसाठीही करतो. झॉर ईएएक्स, ईएएक्स म्हणजे ईएएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागेत) शून्य भरणं.

लिनक्सच्या ६४-बिट प्रोग्राममध्ये पहिली सहा पूर्णांक किंवा पॉइंटर आर्ग्युमेंट्स आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ यांतून जातात आणि उत्तर आरएएक्समध्ये येतं. विंडोजवर पहिली चारच, तीही आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९ या क्रमानं. लिनक्सचा क्रम पाठ करून विंडोजची फाईल उघडली की सगळी आर्ग्युमेंट्स चुकीची वाचली जातात. ही चूक फार होते.

जंपमध्ये चिन्ह बघा. जेजी आणि जेएल चिन्हासकट तुलना करतात, जेए आणि जेबी चिन्हाशिवाय. यावरून मूळ व्हेरिएबल ऋण असू शकत होतं का ते कळतं.

आणि बाइट उलटे लिहिलेले असतात. सोळाच्या पायातला १२३४५६७८ हा आकडा मेमरीत ७८ ५६ ३४ १२ असा दिसेल.

डीकंपायलर सी दाखवतो, मग एवढा खटाटोप कशाला?

कारण तो चुकतो, आणि आत्मविश्वासानं चुकतो. अॅरेची लांबी, स्ट्रक्चर, चिन्ह हे सगळं तो अंदाजानं लावतो. डीकंपायलरमध्ये वाचायचं आणि शंका आली की असेंब्लीत खात्री करायची, ही योग्य वाटणी.

याचा एक चांगला नमुना तुमच्याच पट्टीत आहे. भाव रुपयांऐवजी पैशांत द्या: २,००० किलो, भाव १५,००,००० पैसे. गुणाकार ३,००,००,००,००० होतो, पण ३२-बिट चिन्हांकित पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ च्या वर काही मावत नाही. उत्तर फिरून ऋण १,२९,४९,६७,२९६ होतं आणि शेतकरीच व्यापाऱ्याला देणं लागतो असं छापलं जातं. डीकंपायलरमधली गुणाकाराची ओळ बघून हे चटकन ध्यानात येत नाही. असेंब्लीत आयमुल ईएएक्सवर चाललंय की आरएएक्सवर, एवढं बघितलं की झालं. ई म्हणजे ३२ बिट.

'सांगली' हा शब्द प्रोग्राममध्ये आहे, पण स्ट्रिंग्जच्या यादीत येत नाही. का?

स्ट्रिंग्ज मुळात सलग चार किंवा जास्त छापण्याजोगी इंग्रजी अक्षरंच शोधते. देवनागरीचा प्रत्येक घटक यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइट घेतो आणि ते तिन्ही बाइट तिच्या कक्षेबाहेरचे असतात. डॅश ई, कॅपिटल एस असा पर्याय द्या, मग मराठी ओळी दिसू लागतील.

'सांगली'चे घटक मोजा: स, काना, अनुस्वार, ग, ल, दीर्घ वेलांटी. सहा. म्हणजे १८ बाइट. एसटीआरएलईएन १८ सांगेल, ६ नाही आणि ३ तर नाहीच. असेंब्लीत १२ शी तुलना दिसली तर ते सोळाच्या पायातले १८ आहेत. बाइट बघायचे झाले तर ई० ए४ बी८ पासून सुरू होऊन ई० ए५ ८० वर संपतात. ई० ए४ आणि ई० ए५ सारखे येत असले की समजा, मराठी किंवा हिंदी मजकूर आहे. जीडीबीत याच 'स'ऐवजी \३४०\२४४\२७० असं दिसलं तर घाबरू नका, तेच बाइट आठच्या पायात आहेत.

विंडोजचे प्रोग्राम बरेचदा यूटीएफ-१६ वापरतात. तिथं 'सांगली' ३८ ०९ ३ई ०९ ०२ ०९ अशी सुरू होते. हा मजकूर स्ट्रिंग्जला सापडत नाही. हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाइट सोळाच्या पायात दाखवणाऱ्या टूलमध्ये) एकाआड एक ०९ कुठं येतंय ते शोधा.

एक खड्डा सातारा जिल्ह्यातल्यांसाठी. 'कऱ्हाड' मधला ऱ एकाच घटकाचा असू शकतो किंवा 'र' अधिक खालचा नुक्ता असा दोन घटकांचा. पडद्यावर दोन्ही सारखेच. पहिला शब्द १८ बाइटचा, दुसरा २१ चा. एसटीआरसीएमपीच्या दृष्टीनं ही दोन वेगळी गावं. तपासणी बरोबर वाटते पण जुळत नाही, तेव्हा आधी लांबी मोजा.

जीडीबीत पट्टी कशी तपासायची?

ब्रेक मेन, रन, मग एनआयनं एकेक सूचना पुढं. आधी सेट डिसअसेंब्ली-फ्लेवर इंटेल द्या, नाहीतर आर्ग्युमेंट उलट्या क्रमानं दिसतात. एसटीआरसीएमपीच्या कॉलवर थांबलात की आरडीआय आणि आरएसआय जिथं बोट दाखवतात ते एक्स-स्लॅश-एसनं बघा. एकात तुम्ही टाइप केलेलं, दुसऱ्यात खरं उत्तर. पहिल्यांदा हे दिसतं तेव्हाचा आनंद वेगळाच असतो.

एसटीआरसीएमपी जुळल्यावर शून्य देते. पुढं टेस्ट ईएएक्स, ईएएक्स आणि जंप येते. 'शून्य म्हणजे खोटं' या सवयीनं वाचलं की दोन्ही फांद्या उलट्या समजतात.

घिड्रातला पत्ता जीडीबीत टाकला तर 'मेमरी वाचता येत नाही' म्हणतं.

नो-पाय दिलं नसेल. तो पर्याय नसला की प्रोग्राम मेमरीत कुठंही बसू शकतो. घिड्रा अशा ईएलएफला १००००० पासून मांडते (इथले सगळे पत्ते सोळाच्या पायात), आणि जीडीबीत तो साधारणपणे ५५५५५५५५४००० पासून बसतो. घिड्राच्या पत्त्यातून १००००० वजा करा, उरलेल्यात ५५५५५५५५४००० मिळवा. किंवा घिड्राच्या मेमरी मॅपमध्ये जाऊन बेस बदला, मग दोन्हीकडे एकच पत्ता दिसेल.

स्टॅक-प्रोटेक्टर बंद केला नसेल तर फंक्शनच्या सुरुवातीला एफएस:२८ मधून काहीतरी उचललेलं आणि शेवटी ताडलेलं दिसतं. ती कंपायलरनं घातलेली राखण आहे, तुमचा कोड नाही. सुरुवातीची ईएनडीबीआर६४ ही सूचनाही अशीच, तिच्याकडे दुर्लक्ष करा.

तपासणी वगळून प्रोग्राम पुढं नेता येतो का?

स्वतःच्या पट्टीवर जरूर करून बघा. जवळची जेई सूचना ७४ नं सुरू होते, जेएनई ७५ नं. एक बाइट बदलला की अट उलटते: सांगली सोडून कुठलंही गाव चालतं आणि सांगलीच अडते. अटच नको असेल तर जंपचे दोन्ही बाइट ९० करा, म्हणजे तिथं प्रोसेसर काहीच करत नाही. पण आधी बघा, जंप नेते कुठं. ती 'चुकीचं गाव'कडे नेत असेल तरच ९० चा उपयोग. बरोबरच्या फांदीकडे नेत असेल तर ७४ किंवा ७५ च्या जागी ईबी घाला, म्हणजे ती बिनशर्त जंप होते. १२७ बाइटच्या पुढं उडी असेल तर सूचना ०एफ ८४ किंवा ०एफ ८५ अशी सहा बाइटची असते. तिथं दोनच बाइट ९० केले तर उरलेले चार भलत्याच सूचना होतात आणि प्रोग्राम कोसळतो.

घिड्रातून बाहेर काढताना एक्स्पोर्टमध्ये 'ओरिजिनल फाईल' हा प्रकार निवडा. त्यानंतर चालवण्याची परवानगी पुन्हा द्यावी लागते. 'परमिशन डिनाइड' त्याचमुळे येतं.

एक्स६४डीबीजीत प्रोग्राम उघडला, पण कोड ओळखीचा नाही.

तो आधी विंडोजच्या एनटीडीएलएलमध्ये थांबतो, तुमच्या प्रोग्राममध्ये नाही. एफ९ एकदा दाबा. एफ२ ब्रेकपॉइंट, एफ७ कॉलच्या आत, एफ८ कॉलवरून पुढं. ३२-बिट फाईलसाठी त्याचाच जोडीदार एक्स३२डीबीजी वापरावा लागतो.

मोठा प्रोग्राम उघडला, हजारो फंक्शन्स आहेत. कुठून वाचू?

वाचू नका. प्रश्न ठरवा. 'ही चुकीची सूचना कुठून छापली जाते?' असा एकच प्रश्न घ्या, ती ओळ स्ट्रिंगच्या यादीत शोधा, तिचा वापर कुठं होतो ते बघा आणि तिथून मागं या. किंवा फाईल उघडणारी, नेटवर्कवर पाठवणारी बाहेरची फंक्शन्स शोधा आणि त्यांना कोण बोलावतं ते बघा.

नावं काढून टाकलेल्या लिनक्स प्रोग्राममध्ये मेन दिसत नाही. एंट्री पॉइंटवर, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो तिथं जा. तिथं लिबसी-स्टार्ट-मेनचा कॉल असतो आणि त्याआधी आरडीआयमध्ये जो पत्ता भरला जातो तोच मेन. तुमची पट्टी स्ट्रिप करून हे एकदा शोधून बघा. त्याच वेळी दुसरी प्रत ऑप्टिमायझेशन दोनवर बनवा आणि शेजारी ठेवा. व्हेरिएबल्स स्टॅकवरून उठून रजिस्टरमध्ये गेलेली असतील, काही फंक्शन्स एकमेकांत विरघळलेली असतील.

स्ट्रिंग्जमध्ये नुसता कचरा दिसतो.

फाईल बहुधा पॅक केलेली, म्हणजे आतला कोड दाबून गुंडाळलेली आहे. विभागांची नावं यूपीएक्स० आणि यूपीएक्स१ असतील तर यूपीएक्स डॅश डी चालवा, सुटते. कुठला पॅकर आहे हे ओळखायला डिटेक्ट इट ईझी वापरा.

डॉटनेट, जावा, अँड्रॉइडचे प्रोग्राम घिड्रात विचित्र का दिसतात?

ते प्रोसेसरच्या सूचनांत नसून बाइटकोडमध्ये, म्हणजे मधल्या पातळीच्या सूचनांत असतात. डॉटनेटसाठी आयएलस्पाय, अँड्रॉइडच्या एपीकेसाठी जॅडएक्स. त्यांत मूळ कोडच्या अगदी जवळचं काहीतरी मिळतं. एपीके म्हणजे मुळात झिप फाईल, पहिले बाइट ५० ४बी.

दुकानातलं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद पडलंय, बनवणारा सापडत नाही. डेटा तरी काढता येईल का?

हा प्रश्न विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या घरचेच जास्त विचारतात, आणि शिकण्यासाठी याच्यासारखं काम नाही. डेटा तुमचा आहे, आणि प्रोग्रामला हात न लावता नुसती फाईल वाचायची आहे. पहिली गोष्ट: फोल्डरची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा.

अडत दुकानं, पतसंस्था, किराणा यांची जुनी सॉफ्टवेअर्स बरेचदा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत केलेली सापडतात. त्यांच्या फाईलला डीबीएफ हे शेपूट असतं. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ती थेट उघडून बघा. उघडली नाही तर हेक्स एडिटर घ्या. पहिला बाइट ०३ किंवा ३० असा प्रकार सांगतो. पुढचे तीन शेवटच्या बदलाची तारीख: वर्ष, महिना, दिवस. त्यानंतरच्या चार बाइटमध्ये नोंदींची संख्या, उलट्या क्रमात: ई८ ०३ ०० ०० म्हणजे १,०००. पुढच्या दोन बाइटमध्ये हेडरची लांबी, त्यापुढच्या दोनमध्ये एका नोंदीची लांबी. बाइट ३२ पासून रकान्यांची वर्णनं, प्रत्येकी ३२ बाइटची, आणि त्यांच्या शेवटी ०डी. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट २० असेल तर ती चालू आहे, २ए असेल तर खोडलेली. खोडलेल्या नोंदी फॉक्सप्रोच्या 'पॅक' आज्ञेनं कायमच्या काढेपर्यंत फाईलमध्येच पडून असतात, त्यामुळे बेरीज जुळत नसेल तर त्या मोजल्या गेल्यात का ते बघा.

पहिली तपासणी सोपी आहे. हेडरची लांबी, अधिक नोंदींची संख्या गुणिले एका नोंदीची लांबी. हे फाईलच्या आकाराइतकं यायला हवं, शेवटी फार तर १ए चा एक बाइट जास्त. फरक मोठा असेल तर फाईल अर्धवट लिहिली गेली आहे.

नावांच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरं दिसली तर डेटा बिघडलाय असं समजू नका. युनिकोडच्या आधी मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव अशा फॉन्टांच्या आधारे साठवत. अक्षर इंग्रजी, चित्र मराठी. कुठला फॉन्ट होता ते कळलं की कन्व्हर्टर चालतो. कळलं नाही तर जुनी छापील बिलं काढा, माहीत असलेली पाच-सहा नावं शेजारी ठेवा आणि तक्ता स्वतः बनवा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, रफार नंतर येतो, तिथं क्रम बदलावा लागतो.

सॉफ्टवेअरला डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) असेल तर तो तोडायच्या भानगडीत पडू नका. डेटा वाचायला त्याची गरजही नसते.

व्हायरस उघडून बघू का?

पहिले सहा महिने नको. नंतरही फक्त व्हर्च्युअल मशीनमध्ये: नेटवर्क बंद, सामायिक फोल्डर बंद, क्लिपबोर्ड बंद, आधी स्नॅपशॉट (मशीनची तेव्हाची साठवलेली स्थिती), काम झालं की स्नॅपशॉटवर परत. कॉलेजच्या नेटवर्कवर कधीही नको. चुकून सुटलं तर लॅबचेच नाही, ऑफिसचेही संगणक जातात.

सराव कुठं करायचा?

पिकोसीटीएफ हा कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उपक्रम सुरुवातीला उत्तम. पीडब्ल्यूएन.कॉलेज अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचा, जरा दमदार. क्रॅकमीज.वन वर काठिण्यपातळीनुसार कोडी मिळतात, एक ते दोनमध्येच राहा. कंपायलर एक्स्प्लोररमध्ये डावीकडे सी लिहा, उजवीकडे असेंब्ली बघा. रोज दहा मिनिटं एवढं केलं तरी डोळा तयार होतो.

कोडं दोन तास सुटलं नाही तर उत्तर बघा, पण बघून झाल्यावर फाईल बंद करा आणि दुसऱ्या दिवशी न बघता परत सोडवा.

एआयला विचारून शिकलं तर चालेल का?

एखादी सूचना समजून घ्यायला चालेल. 'हे फंक्शन काय करतं' असं विचाराल तर उत्तर छान मिळेल आणि बरेचदा चुकीचं असेल. जीडीबीत ते खरं आहे का बघेपर्यंत त्याला अंदाजच म्हणा.

किती दिवसांत येईल?

रोज तासभर धरला तर पहिल्या दोन आठवड्यांत पट्टीसारखे चार-पाच प्रोग्राम आरपार कळतात. दोन ते तीन महिन्यांत सोपी कोडी सुटतात. अनोळखी, ऑप्टिमाइझ केलेला प्रोग्राम न घाबरता उघडायला वर्ष लागतं. याहून लवकर शिकवतो म्हणणाऱ्या क्लासला फी भरण्याआधी त्यांच्याकडून एक स्ट्रिप केलेली फाईल समोर बसून उघडून घ्या.

नोकरी मिळते का?

मिळते, पण नुसत्या प्रमाणपत्रावर नाही. मालवेअर विश्लेषण, फर्मवेअर, सुरक्षा चाचणी, अँटिव्हायरस या क्षेत्रांत ही कामं असतात आणि आपल्याला जवळचं ठिकाण पुणे. मुलाखतीला सोडवलेल्या कोड्यांची यादी नेण्यापेक्षा दोन-तीन सविस्तर टिपणं न्या: काय अंदाज केला, कसा तपासला, कुठं चुकला.

ही टिपणं कशी ठेवायची?

प्रत्येक फाईलला एक पान. वर फाईलचं नाव, आकार आणि एसएचए-२५६ ची खूण, म्हणजे महिन्याभरानं तीच फाईल आहे ना ते कळतं. खाली तीन रकाने: पत्ता, अंदाज, पुरावा. पुरावा नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा. उठताना पहिला रिकामा रकाना कुठला ते शेवटी लिहा, दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करा.